दाराची फट आणि चेसिसचं माप

जुनी पिकअप घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा दाराबद्दल बोलतो. दार लागत नाही, दोनदा आपटावं लागतं, पावसाचं पाणी मांडीवर येतं, घाटात खडखडाट होतो. बॉनेट एका बाजूला उचललेलं असतं, केबिनची पाठ हौद्याला टेकायला आलेली असते. तेही त्यानं पाहिलेलं असतं. पण चढता-उतरता सतत हाताला लागतं ते दार. म्हणून त्याचं मागणं एकच असतं, "मेस्त्री, दार तेवढं बसवून द्या."

मी कोल्हापुरात डेंटिंगचं काम करतो. पत्रा ठोकणं, कापणं, जोडणं आणि गाडीची बॉडी लायनीत आणणं हा माझा धंदा. बरीच वर्षं या कामात काढल्यावर एक गोष्ट मी खात्रीनं सांगू शकतो. जुन्या पिकअपचं दार बसत नसेल, तर बिघाडाचा मोठा वाटा दाराच्या खाली असतो. केबिनच्या रबरांत असतो, ब्रॅकेटांत असतो, कधी थेट चेसिसमध्ये असतो. दार फक्त तो दाखवतं. हे कसं घडतं आणि त्यावर काम कसं करायचं, ते एका गाडीच्या निमित्तानं सांगतो.

ती टाटाची २०७ होती, एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी पासिंग. टाटाची ४०७ ही मालगाडी बाजारात आली १९८६ साली. तिच्यामागून दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, त्या वेळच्या टेल्कोनं टाटामोबाइल ही पिकअप काढली आणि २०७ ही त्याच घराण्यातली. ग्रामीण महाराष्ट्रात टेम्पो आणि ट्रक यांच्या मधली जागा या गाड्यांनी भरून काढली. भाजी, दूध, खत, कोंबड्या, लग्नाचं सामान, सगळं त्यांनी वाहिलं. २००५ साली 'छोटा हत्ती' आला आणि गल्लीबोळातला माल त्याच्याकडे गेला, पण घाट आणि वजन असेल तिथं जुन्या दोनशे सात अजून टिकून आहेत.

या गाडीनं उमेदीची सगळी वर्षं मासळी वाहिली होती. मिरकरवाड्याच्या बंदरातून रात्री निघायचं, आंबा घाट चढायचा आणि उजाडायच्या आत कोल्हापूर गाठायचं. गाडी वडिलांनी घेतलेली. आता मुलगा चालवत होता. मासळीचा धंदा त्यानं सोडला होता आणि हंगामात आंब्याच्या पेट्या वाहायचं ठरवलं होतं. त्याची तक्रार ड्रायव्हरच्या दाराची होती. दाराचं मागचं टोक खाली आलं होतं, बंद करताना ते उचलून घ्यावं लागत होतं. "नवीन गाडीचा हप्ता मला झेपणार नाही, मेस्त्री," तो म्हणाला. "हिचं इंजिन ठणठणीत आहे. हिच्यावरच आमचं घर उभं राहिलंय. दार नीट झालं की आणखी पाच-सहा वर्षं काढीन."

अशा माणसाची गाडी हाती घेताना मला जबाबदारी वाटते. हौसेच्या गाडीला चार दिवस उशीर झाला तर मालक नाराज होतो. धंद्याच्या गाडीला झाला तर घराचं गणित चुकतं. म्हणूनच घाईघाईनं काहीतरी करून देणं सोपं असतं आणि म्हणूनच ते करता कामा नये.

पिकअप दुरुस्त करणाऱ्यानं तिची बांधणी नीट समजून घेतली पाहिजे. आजच्या बहुतेक मोटारींत बॉडी हाच सांगाडा असतो. पत्रा आणि चौकट एकजीव असते. पिकअपचं तसं नाही. तिला लॅडर चेसिस असते: दोन लांब बाजू आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. केबिन वेगळी, हौदा वेगळा, पुढचे मडगार्ड आणि बॉनेट वेगळे. केबिन रबरी माउंटिंगवर बसते, हौदा यू-क्लॅम्पनं चेसिसला जखडलेला असतो. आपल्याकडच्या जुन्या मेस्त्र्यांचा हात या बांधणीवर बसला तो जीपमुळे. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढच्या पिढ्यांनी चेसिसवरून बॉडी उतरवणं, चढवणं, पॅकिंग घालणं हे सगळं त्या गाड्यांवर गिरवलं. या बांधणीचा मोठा गुण असा की प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उचलता येतो, सरकवता येतो, बदलता येतो. अडचण अशी की प्रत्येक जोडाला झिजण्याची स्वतःची वाट असते. वीस वर्षांनी त्या सगळ्या झिजा एकमेकींत मिसळतात आणि दाराच्या फटीत येऊन दिसतात.

म्हणून पहिल्या दिवशी मी हातोडा उचलत नाही. गाडी रिकामी करून सपाट काँक्रीटवर उभी करतो. चारही टायर एकाच मापाचे आहेत का पाहतो, हवा सारखी करतो. ही तयारी क्षुल्लक वाटते, पण एका बाजूचा टायर वेगळ्या मापाचा असला की पुढची सगळी निरीक्षणं फसवी निघतात. मग पाटे बघतो. मागचा एखादा कमानपाटा बसला असेल तर गाडी त्या बाजूला कलते. पण तो चेसिसचा रस्त्याशी असलेला कल झाला. बॉडीचा चेसिसशी असलेला कल ही वेगळी गोष्ट. ही दोन दुखणी वेगळी न करता काम सुरू केलं, तर पाट्याचा दोष काढायला केबिनखाली पॅकिंग घातलं जातं आणि एका वाकडेपणावर दुसरा चढतो.

यानंतर फटी वाचायच्या. हे काम मला मनापासून आवडतं. दार आणि मडगार्ड यांच्यातली फट वर रुंद आणि खाली चिंचोळी असेल, तर गाडीचा पुढचा भाग नाकाकडे खाली गेला आहे. रेडिएटरकडच्या माउंटिंगचं रबर तपासायचं. केबिन आणि हौदा यांच्यातली फट वर कमी आणि खाली जास्त असेल, तर केबिन मागे झुकली आहे. मागची रबरं बसलीत. दाराच्या वरची फट मागच्या टोकाकडे रुंदावत गेली असेल, तर दार लटकलं आहे. पण ते कशानं लटकलं, हे फट सांगत नाही. त्यासाठी दार थोडं उघडून मागच्या टोकाला धरून वर-खाली हलवायचं आणि दुसऱ्या माणसानं बिजागरीवर बोट ठेवायचं. बोटाखाली हालचाल लागली तर खिळ आणि बुश झिजलेत. बिजागरी हलत नाही पण तिच्याभोवतीचा पत्रा हलतो, तर खांब सडला किंवा फाटला आहे. दोन्ही घट्ट असतील आणि तरीही दार बसत नसेल, तर दाराची चौकटच तिरकी झालेली असते.

आमच्या मापाचा हिशेब सुताचा. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. नव्या मोटारींच्या फटी सूत-सव्वा सुतात असतात. जुन्या पिकअपला दोन सुतांची फट चालते, पण ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. डोळ्याला रुंद फट खटकत नाही, तिरकी खटकते.

या गाडीत बिजागरीला खेळ होताच. ड्रायव्हरचं दार क्लीनरच्या दारापेक्षा कितीतरी जास्त वेळा उघडतं, त्यामुळे तिथली खिळ आधी झिजणं साहजिक आहे. पण तेवढ्यानं दाराची हकीकत पुरी होत नव्हती. केबिन मागे झुकली होती आणि झुकताना डावीकडे जास्त गेली होती. म्हणजे तक्रार उजव्या दाराची होती आणि बोट जात होतं डाव्या मागच्या कोपऱ्याकडे. चौरंगाचा एक पाय आखूड झाला की वरचा पाट समोरच्या कोपऱ्यात उचलतो, तसंच हे. केबिनच्या एका कोपऱ्याचा आधार गेला की सगळी केबिन पिळली जाते आणि दोन्ही दारांच्या चौकटी काटकोन सोडतात.

खाली जाऊन पाहिलं तेव्हा कारण उघड झालं. मासळीच्या गाडीतून बर्फाचं पाणी सतत गळत असतं आणि त्यात मीठ असतं. नुसतं पावसाचं पाणी लोखंड गंजवतंच. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण खारं पाणी वीज सहज वाहून नेतं, त्यामुळे गंजण्याची रासायनिक क्रिया कितीतरी वेगानं होते. शिवाय आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालतो. गाडी कडेला उभी राहिली की डावीकडे कलते, हौद्यातलं पाणी डाव्या अंगाला जमतं आणि तिथूनच खाली झिरपतं. वर्षानुवर्षं ते पाणी केबिनच्या डाव्या मागच्या ब्रॅकेटवर पडत होतं. ब्रॅकेटचा पत्रा पापुद्रे सुटून निम्मा उरला होता. त्यावरचं रबर चपटं होऊन दगडासारखं झालं होतं. ब्रॅकेटला टोच्या लावला तेव्हा तो आरपार गेला.

एवढं दिसलं म्हणून तिथंच थांबायचं नसतं. ब्रॅकेट ज्या चेसिसला जोडलेलं, ती चेसिस सरळ आहे की नाही हे कळल्याशिवाय त्यावर बसवलेलं काहीही सरळ होणार नाही. मोठ्या वर्कशॉपांत यासाठी फ्रेम बेंच आणि लेसरची यंत्रं असतात. आमच्याकडे ओळंबा, खडू, टेप आणि सुतळी आहे, आणि नीट वापरली तर ती पुरतात.

चेसिसच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर असलेली भोकं किंवा पाट्यांच्या हँगरच्या खिळा निवडायच्या. प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोडायचा आणि जमिनीवर खडूची फुली मारायची. मग गाडी ढकलून बाजूला घ्यायची. जमिनीवर चेसिसचा नकाशा उरतो. आता तिरकी मापं घ्यायची: पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्या फुलीपर्यंत आणि उलट. दोन्ही कर्ण सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे. फरक आला तर एक बाजू पुढे किंवा मागे ढकलली गेली आहे. अपघात झालेल्या गाडीत हे हटकून सापडतं. मधल्या फुल्यांतून सुतळी ताणली की आडवा बाक दिसतो. पीळ तपासायला मी गवंड्यांची पाण्याची नळी वापरतो. चेसिस चार घोड्यांवर घ्यायची आणि पारदर्शक नळीतल्या पाण्याच्या पातळीवरून चारही कोपऱ्यांची उंची पडताळायची. पाणी स्वतःची पातळी शोधतं, त्यात माझ्या डोळ्याच्या अंदाजाला जागा राहत नाही.

याच वेळी दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजतो. मागच्या पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल एका बाजूला सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. मालकाला वाटतं चेसिस वाकली. प्रत्यक्षात एक बोल्ट बदलून काम भागतं. मोजण्याचा हा मोठा फायदा आहे. नसलेलं दुखणं आधीच वगळलं जातं आणि मालकाचा खर्च वाचतो.

या गाडीचे कर्ण जुळले, व्हीलबेस जुळला. पण डाव्या बाजूला, केबिनच्या थोडं मागे, सुतळीखाली चेसिस किंचित बसलेली दिसली. पिकअपला जास्त माल भरला की ही जागा सगळ्यात आधी त्रास देते. पुढे इंजिन आणि केबिनचं वजन, मागे हौद्याचं वजन आणि मधल्या पट्ट्यावर दोन्हींचा ताण. जागा घासून साफ केली, रॉकेल लावून पुसलं आणि वर खडूची पूड फिरवली. थोड्या वेळानं पांढऱ्या खडूवर एक बारीक ओली रेष उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर आलं होतं. क्रॉस मेंबरच्या रिव्हेटपासून निघून खालच्या काठापर्यंत गेलेली ती भेग नुसत्या डोळ्यांना दिसली नसती.

मालकाला बोलावून मी ती रेष दाखवली. तो बराच वेळ खाली बसून बघत राहिला. मग म्हणाला, "मी तर दारासाठी आलो होतो." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती, आणि ती रास्त होती. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. दार आत्ता तासाभरात लागेल असं करून देता येतं. बिजागरीत लाकडाचा ठोकळा घालून दार दाबलं की बिजागरी वाकते आणि टोक वर येतं. स्ट्रायकरची भोकं कानशीनं लांबवली की लॉक पकडतं. वरून पुटी आणि रंग मारला की गाडी देखणी दिसते. पण केबिन पिळलेलीच राहते आणि घाटाच्या वळणावर ती आणखी पिळते. दाराचं लॉक दोन टप्प्यांत लागतं. दुसऱ्या टप्प्यापर्यंत न पोचलेलं दार बंद दिसतं, पण ते पक्कं बंद नसतं. आंबा घाटाच्या वळणावर भरलेली गाडी कलंडते तेव्हा त्या एका टप्प्यावर माणसाचा जीव असतो. आणि चेसिसची भेग तर कुठल्याही खड्ड्यात पुढे सरकू शकते.

आवश्यक काम काय, थांबण्यासारखं काय, हे मी कागदावर लिहून दिलं. रंग थांबू शकतो, पुढचा बंपर थांबू शकतो, भेग आणि ब्रॅकेट थांबू शकत नाहीत. त्यानं एक दिवस विचार केला आणि होकार दिला.

हौदा उतरवला. बॅटरीच्या तारा काढल्या, डिझेलची टाकी उतरवली, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग बाजूला बांधलं. वेल्डिंगआधी हे करायलाच हवं. बसलेल्या जागी खालून जॅक देऊन चेसिस सुतळीला लागेपर्यंत हळूहळू उचलली. वाकलेल्या अवस्थेत भेग भरली तर बाकही कायमचा होतो. भेगेच्या टोकाला ड्रिलनं भोक पाडलं. भेगेचं टोक अणकुचीदार असतं आणि सगळा ताण तिथं एकवटतो. गोल भोकात तो विखुरतो आणि भेग तिथं थांबते. मग ग्राइंडरनं भेगेवर व्ही आकाराची खाच काढून आतपर्यंत वेल्डिंग भरलं आणि वर आधाराची पट्टी लावली. पट्टीची टोकं सरळ कापलेली ठेवली नाहीत, निमुळती केली. सरळ टोक असलं की चेसिसची ताकद त्या रेषेवर एकदम बदलते आणि पुढची भेग नेमकी तिथूनच निघते. चेसिसच्या खालच्या काठावर आडवं वेल्डिंग ओढायचं नाही, हा नियमही याच कारणासाठी. जाड पट्टी आणि भरपूर वेल्डिंग म्हणजे मजबुती, असा समज आमच्या धंद्यात फार पसरला आहे. चेसिस थोडी लवचीक राहण्यासाठीच घडवलेली असते. एक जागा दगडासारखी कडक केली की शेजारची जागा तुटते.

डावं ब्रॅकेट कापून नवं बनवलं. त्यासाठी उजवं ब्रॅकेट हाच साचा. पुठ्ठ्यावर आकार काढला, उलटा केला, पत्रा कापला. टाचे मारून आधी मापं तपासली आणि मगच पूर्ण वेल्डिंग केलं. नंतर रेड ऑक्साइड आणि चेसिसचा काळा रंग, तोही सांध्यांच्या आत जाईल असा.

केबिनची रबरं सगळीच्या सगळी बदलली. मालकानं विचारलं, खराब एक आहे तर सगळी कशाला? कारण साधं आहे. नवं रबर फुगीर, जुनं बसलेलं. एकच बदललं तर आता तो कोपरा वर जाईल आणि केबिन उलट्या बाजूला पिळेल. केबिन उचलण्याआधी सगळे माउंटिंग बोल्ट सैल करायचे. एक बोल्ट घट्ट ठेवून दुसऱ्या कोपऱ्याला जॅक लावला तर केबिनचा पत्रा आपल्याच हातानं पिळला जातो. जॅक आणि पत्रा यांच्यामध्ये रुंद फळी द्यायची. उचलताना स्टिअरिंगचा जोड, ब्रेक आणि क्लचचे पाइप, होजपाइप, गिअरचा दांडा, अर्थिंगची तार, या प्रत्येकाकडे एकेका माणसाचं लक्ष हवं. केबिन खाली बसवल्यावर पंखा आणि त्याच्याभोवतीच्या भागांमध्ये अंतर उरलंय का हे हात घालून पाहायचं. बोल्ट आवळताना एकीकडून सुरुवात करून दुसरीकडे जायचं नाही. तिरके, समोरासमोर, थोडे थोडे. रबर चिरडेपर्यंत आवळलं तर ते असून नसल्यासारखं होतं.

आता दाराची चौकट मोजायची पाळी आली. टेप वाकतो, म्हणून मी दोन बारीक गज एकमेकांना लागून धरतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवतो आणि चिमट्यानं पकडतो. तोच गज दुसऱ्या कर्णात धरायचा, मग डाव्या दारात धरायचा. केबिन सरळ बसल्यावर डाव्या दाराचे कर्ण जुळले. उजव्यात थोडा फरक उरला, कारण उजव्या पुढच्या खांबाचा पाया आतून गंजला होता. तो कापायच्या आधी चौकटीत आडवा आणि तिरका गज तात्पुरता वेल्ड केला. गंजका असला तरी तो खांब छताचा भार घेऊन उभा असतो. आधार न देता कापला तर चौकट कुठं सरकेल सांगता येत नाही. गंजलेला भाग पूर्ण कापला, अठरा गेजच्या पत्र्याचा तुकडा घडवून बसवला, मग आधाराचे गज काढले. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, हे मी माझ्याकडच्या पोरांना सारखं सांगतो. गंजलेल्या पत्र्यावर लावलेला नवा तुकडा फक्त गंज झाकतो.

बिजागरीच्या खिळा आणि बुश नवे घातले. दार बसवताना स्ट्रायकर आधी काढून ठेवला. स्ट्रायकर जागेवर असेल तर लॉक दाराला ओढून वर किंवा खाली घेतं आणि खोटी लाइन दिसते. दार त्याच्या बिजागरीवर आपोआप चौकटीच्या मधोमध आलं पाहिजे. मागच्या काठाची फट आणि पत्र्यावरची रेघ केबिनच्या पाठीशी जुळवली, मग स्ट्रायकर दाराच्या मर्जीप्रमाणे बसवला. नवी बीडिंग घालतानाही जपावं लागतं. बाजारात मिळणारं जाड रबर दाराला बाहेर ढकलतं आणि माणूस पुन्हा बिजागरीशी झगडायला लागतो.

पुढचं काम क्रमानं सोपं होत गेलं. दाराला मडगार्ड जुळवायचं, दोन्ही मडगार्डना बॉनेट जुळवायचं, बॉनेटला ग्रिल, सगळ्यात शेवटी बंपर. उलट्या क्रमानं गेलं तर प्रत्येक पायरीवर आधीचं काम मोडावं लागतं. मडगार्डखालची जुनी पॅकिंग मी जपून ठेवली होती, पण तिथं एकही घालावं लागलं नाही. ती पॅकिंग पूर्वी कुणीतरी केबिनचा झोक लपवण्यासाठी घातलेली होती.

हौदा चढवताना चेसिस आणि हौद्याच्या मधलं लाकडी पॅकिंग बदललं. जुनं डावीकडे कुजून दबलं होतं, म्हणून हौदाही त्याच बाजूला कलून केबिनला लागत होता. हौद्याच्या तळाला नव्यानं दोन भोकं पाडली आणि त्यांना खाली उतरते पाइप जोडले, म्हणजे पाणी चेसिसवर न पडता थेट रस्त्यावर जाईल. एवढी साधी सोय आधीच असती तर ब्रॅकेट इतक्या लवकर गेलं नसतं.

शेवटी गाडी आधी रिकामी आणि मग माल भरून चालवून पाहिली. भरलेल्या गाडीचं दार उघडतं-लागतं का, ही खरी परीक्षा. रिकाम्या गाडीत जुळलेली फट वजन आल्यावर बदलत असेल, तर चेसिस किंवा माउंटिंग अजून काहीतरी सांगत असतं. ही फट बदलली नाही. काही दिवस गाडी धावल्यावर रबरं आपली जागा घेतात, म्हणून तिला परत बोलावून माउंटिंगचे आणि यू-क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा आवळले.

आंब्याच्या हंगामात तो मुलगा पेट्या उतरवून जाताना गॅरेजवर थांबला. "मेस्त्री, दार आता एका बोटानं लागतंय," म्हणाला. मला त्याहून जास्त समाधान दुसऱ्या गोष्टीचं होतं. त्यानं सांगितलं की आता रात्रीच्या खेपेनंतर पाठ दुखत नाही आणि घाटात कान किटत नाहीत. पिळलेल्या केबिनचा खडखडाट, धूळ, पाणी हे सगळं ड्रायव्हरच्या अंगावरच येत असतं, आणि तो त्याची इतकी सवय करून घेतो की ते दुखणं आहे हेच विसरतो.

आमच्या कामाला आता पोरं कमी येतात. विम्याच्या कामात पॅनेल काढून नवं लावलं की झालं, ठोकण्या-मोजण्याची गरज उरत नाही असं त्यांना वाटतं. पण खेड्यापाड्यांतल्या हजारो जुन्या पिकअपना नवी पॅनेल मिळत नाहीत, आणि मिळाली तरी वाकड्या चेसिसवर नवं पॅनेलही वाकडंच बसतं. ही विद्या टिकायला हवी, कारण तिच्यावर कष्टकरी माणसांच्या गाड्या आणि त्यांचे जीव अवलंबून आहेत.

म्हणून पिकअपवाल्या भावांना माझी विनंती आहे. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतंच. त्याआधी एकदा गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करा आणि चारी बाजूंनी फटी पाहा. केबिन आणि हौदा यांच्यात हात घालून वर-खाली अंतर सारखं आहे का बघा. मासळी, मीठ किंवा खत वाहत असाल तर खेप संपल्यावर चेसिस गोड्या पाण्यानं धुवा आणि हौद्याच्या पाण्याला खाली जायला वाट ठेवा. दार लटकलं तर मेस्त्रीला ते नुसतं वाकवून द्यायला सांगू नका, ते का लटकलं हे विचारा. आणि हे काम शिकणाऱ्या पोरांनो, ओळंबा आणि टेप आधी हातात घ्या, हातोडा नंतर. गाडी खालून वर दुरुस्त होते.